परमुलखातील शिक्षक

सोलापूरहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर हुमनाबाद लागते. १९४८ पूर्वी ब्रिटिश मुलखातून इकडे येणारा मराठी शिक्षक एका अर्थाने परदेशातच पाऊल टाकीत असे. राज्य निजामाचे, नाणे निराळे, दरबारची भाषा उर्दू; १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच. घरी मराठी, कानडी वा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला वरच्या शिक्षणासाठी आधी हा भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे.

विजापूर जिल्ह्यातील सिंदगीस १९०३ मध्ये जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, असेच या मुलखात आले. हिप्परग्यास व नंतर अंबाजोगाईस त्यांनी अध्यापन केले. येथे शिक्षणाच्या प्रश्नातच लोकांच्या हक्काचा प्रश्न गुंतलेला होता. म्हणूनच १९३८ साली हा शिक्षक सत्याग्रही झाला आणि वर्गाऐवजी तुरुंग त्याच्या वाट्यास आला.

सप्टेंबर १९४८ मध्ये हुमनाबादच्याच मार्गाने भारतीय फौजा हैदराबादेकडे सरकल्या. पुढे हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे, असा स्वामीजींनी आग्रह धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते घडले. एकट्या बीदर जिल्ह्याचेच तीन वाटे झाले: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसुरात.

बहुतेकांस न्याय मिळाला. हुमनाबादच्या मराठी घरांपुढे मात्र जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. रेषा कोठेही ओढली तरी तिच्या पलीकडे काही मुले उरतातच. त्यांना त्यांच्या भाषेत शिकविणारा शिक्षक मिळतो की नाही, हीच भाषावार राज्याची खरी कसोटी होय.