जिप्समची भिंत घालण्यापूर्वी

आपल्या भागातल्या कितीतरी घरांचा एक पाय चोर्ला घाटाच्या पलीकडे असतो. कुणाची लेक पेडण्याला दिलेली, कुणाचे माहेर डिचोलीचे, तर कुणी निवृत्तीनंतर राहायला म्हणून तिकडे लहानसा फ्लॅट घेतलेला. त्या घरांत हल्ली एक नवा शब्द ऐकू येतो, तो म्हणजे जिप्समची भिंत. इंग्रजीत तिला ड्रायवॉल म्हणतात, कारण ती उभी करताना विटा, वाळू, सिमेंट आणि पाणी मारणे यांतले काहीच लागत नाही.

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. कोकणात पूर्वी कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करून दोन्ही बाजूंनी माती-शेणाने लिंपत. आत सांगाडा आणि वर कातडी, तसेच हेही. लोखंडी पत्र्याच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या पट्ट्या जमिनीला आणि छताला बसवतात, मध्ये दर दोन फुटांवर उभ्या पट्ट्या घालतात आणि दोन्ही बाजूंनी साडेबारा मिलिमीटर जाडीचे जिप्सम बोर्ड स्क्रूने मारतात. सांध्यांवर कागदी टेप आणि लांबी, मग पॉलिश पेपर आणि रंग. तीन इंचांची भिंत तीन-चार दिवसांत तयार होते. बोर्ड म्हणजे दोन जाड कागदांच्या मधली जिप्समची वडी. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी 1894 साली अशा बोर्डाचे पेटंट घेतले. आपल्याकडचे नैसर्गिक जिप्सम मुख्यतः राजस्थानातून येते.

माझ्या माहेरी डिचोली तालुक्यात चिऱ्यांचे जुने घर आहे. वडिलांच्या पश्चात दोन भाऊ तिथे राहतात. एकाची मुलगी बारावीला, दुसऱ्याची रात्रपाळी. माजघराचे दोन भाग करायचे ठरले, तेव्हा आईने जेवण टाकले. "मी असेपर्यंत या घरात भिंत नको," हे तिचे म्हणणे. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा, म्हणून भावांनी मलाही विचारले. मी जिप्समची बाजू घेतली ती एकाच कारणासाठी. विटांची भिंत पाडायची तर घर हादरते; ही स्क्रू काढून उतरवता येते. जमीन खणावी लागत नाही, पाया लागत नाही. साडेचार इंची विटांच्या भिंतीचे वजन प्लास्टरसह चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जाते, हिचे वीस-पंचवीस किलो. हे सगळे सांगितल्यावर आई एवढेच म्हणाली, "काढता येते ना? मग घाला."

माझे सासर कन्नड. सासूबाई ते काम बघायला आल्या, बोटाने ठोकून पाहिले आणि म्हणाल्या, "इदु गोडेना?" आवाज पोकळ येतो हे खरेच. त्यावर उपाय म्हणजे दोन बोर्डांच्या मध्ये ग्लासवुल भरणे. मात्र कौलारू घरात भिंत वरपर्यंत नेली नाही, तर आवाज वरून फिरून पलीकडे जातो आणि ग्लासवुलचा खर्च वाया जातो.

आता पाण्याविषयी. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि ओल हा जिप्समचा पहिला शत्रू. पेडण्यातल्या एका नातेवाइकांच्या घरी ठेकेदाराने न्हाणीला लागून साधा पांढरा बोर्ड लावला. पहिल्याच पावसाळ्यात खालून काळी बुरशी चढली आणि घरातल्या दम्याच्या मुलाला त्रास झाला. ओलसर जागेजवळ हिरव्या रंगाचा ओलरोधक बोर्ड मागावा. पण तोही काही जलरोधक नव्हे. न्हाणीच्या आत, बाहेरच्या भिंतीला किंवा पडवीत जिप्सम घालूच नये; तिथे सिमेंटचा बोर्ड किंवा चिराच बरा. चिऱ्याची भिंत ओल ओढून घेते. तिच्यावर थेट बोर्ड मारला तर आतली ओल झाकली जाते, थांबत नाही. आधी कौले आणि गळती पाहावी, मग बोर्ड. बोर्डाची खालची कड फरशीपासून अर्धा इंच वर ठेवून फट सीलंटने भरावी, म्हणजे लादी पुसताना पाणी चढत नाही. कागद असल्यामुळे वाळवीचाही बंदोबस्त आधी करावा. काम नोव्हेंबर ते मे या काळात उरकावे.

माणूस कसा निवडावा? हे काम बहुधा फॉल्स सीलिंगवालेच करतात. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये विमाने उडू लागली. तेव्हापासून पेडणे भागात हॉटेलांची कामे बरीच दिसतात. तिथला चांगला कारागीर घरगुती लहान काम पुढे ढकलू शकतो, म्हणून तारीख लिहून घ्यावी. बेळगावहून माणूस नेण्यापेक्षा डिचोली, साखळी किंवा म्हापशाचा बरा, कारण सांधा तडकला तर तो दुसऱ्या दिवशी येऊ शकतो. एक पावसाळा पाहिलेले त्याचे जुने काम दाखवायला सांगावे. नवे काम सगळ्यांचेच छान दिसते.

दर चौरस फुटावर असतो, पण एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा, दरवाजाची जागा वजा होते का, लांबी आणि रंग त्यात धरले आहेत का, हे आधी विचारावे. बोर्डाची कंपनी, जाडी आणि पट्टीच्या पत्र्याची जाडी कोटेशनमध्ये लिहावी. बोर्ड उतरवताना मागचा छापा वाचावा. भारतीय मानक आयएस 2095 आहे. बोर्ड फळ्यांवर आडवे ठेवावेत. दूरदर्शन संच, कपाट किंवा देव्हारा जिथे टांगायचा तिथे आतून प्लायवूड आधीच घालून घ्यावे. नुसत्या बोर्डावर वजन राहत नाही. दुसरी बाजू बंद करण्यापूर्वी वायरिंगचे फोटो काढावेत. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हिस्सा रंगानंतर.

पावती मात्र सोडू नये. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा जुलै 2020 पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करू शकतो. म्हणजे काम गोव्यात झाले तरी, पैसे बेळगावात राहणाऱ्याने दिले असतील तर त्याला बेळगावातच दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे. त्यासाठी कागद हवा. तोंडी व्यवहारात यातले काहीच सिद्ध होत नाही.

आणि घर सामाईक असेल तर ठेकेदाराला बोलावण्याआधी सगळ्या वाटेकऱ्यांना बोलवावे, बहिणींनाही. बोर्ड उतरवणे सोपे असते, मनातली अढी तशी उतरत नाही.