गाडी उलटली तरी माणूस वाचला पाहिजे
घरच्या बग्गीचा पिंजरा करताना फॅब्रिकेटरने आणि मालकाने काय पाहावे?

बांधावरून उतरताना, कालव्याच्या भरावावर किंवा रुतलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टर उलटला आणि चालवणारा खाली सापडला, ही बातमी ग्रामीण भागाला नवी नाही. पुढची चाकं उचलल्यापासून ट्रॅक्टर मागे पालथा व्हायला जेमतेम दीड सेकंद लागतो. 'उडी मारू की' असं म्हणणाऱ्याला तेवढ्यात उडी मारता येत नाही. तिथं माणूस वाचतो तो डोक्यावरच्या लोखंडी चौकटीमुळे.

ही चौकट कशी असावी, हा प्रश्न आता तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानातही येऊ लागला आहे. जुनं इंजिन, भंगारातला गिअरबॉक्स आणि पाईप जमवून माळरानावर पळणारी बग्गी करण्याची हौस पोरांना लागली आहे. हौसेला मोल नाही हे खरं, पण अशी गाडी उलटण्याची शक्यता धरूनच बांधावी लागते. तिचा नळ्यांचा पिंजरा, ज्याला रोल केज म्हणतात, तो शोभेचा नसतो. गाडी पालथी झाल्यावर चालकाच्या डोक्याभोवती जागा शिल्लक ठेवणं, एवढंच त्याचं काम.

पोरांची स्पर्धा, पण नियम कडक

इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं 'बाहा' स्पर्धेसाठी अशा गाड्या स्वतः बांधतात. ही स्पर्धा १९७६ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाली. भारतात ती २००७ साली इंदूरजवळच्या पिथमपूरला पहिल्यांदा भरली. महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांचे संघ तिथं उतरत आले आहेत. इंजिन असतं अवघं दहा अश्वशक्तीचं, पण दगडधोंडे आणि चिखलातून चार तास गाडी पळवावी लागते. आधी पिंजरा तपासला जातो. त्यात खोट निघाली तर गाडी मैदानात उतरत नाही. त्या नियमांतल्या बऱ्याच गोष्टी आपल्या फॅब्रिकेटर मंडळींनी उचलण्यासारख्या आहेत.

नळाचा पाईप चालत नाही

पहिली चूक होते ती पाईप घेतानाच. दुकानात 'एक इंची पाईप द्या' म्हटलं की पाण्याचा पाईप हातात पडतो. पाण्याच्या पाईपचं माप आतल्या पोकळीवरून धरतात. एक इंची नळाचा बाहेरचा व्यास ३३.७ मिलिमीटर भरतो. पिंजऱ्याच्या नळीचं माप बाहेरून मोजतात. बाहाच्या नियमात मुख्य नळी बाहेरून २५ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर आणि पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के, अशी अट आहे. मोटारींसाठीच्या नळ्यांना आय.एस. ३०७४ हे भारतीय मानक आहे. पाण्याच्या पाईपचं मानक वेगळं, आय.एस. १२३९. म्हणून माल घेताना मानक विचारावं आणि बिलावर लिहून घ्यावं.

गॅल्व्हनाइज्ड पाईप तर मुळीच घेऊ नये. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, सांध्यात छिद्रं राहतात आणि तो धूर छातीत गेलेल्या कारागिराला रात्री थंडी वाजून ताप भरतो.

'मग भरीव गजच घालू, म्हणजे कटकट नको' असंही कुणी म्हणतं. हिशेब करून पाहा. २५ मिलिमीटरचा भरीव गज मीटरला ३.८५ किलो भरतो. तेवढ्याच व्यासाचा ३ मिलिमीटर जाडीचा पाईप भरतो १.६३ किलो. वजन निम्म्याहून कमी, पण ताठपणा गजाच्या दोन तृतीयांश. वजन वर चढलं की गाडी उलटायला आणखी सोपी, हे ट्रॉलीत उंच ऊस भरणाऱ्याला सांगायला नको.

घराची कैची आठवा

बाजेचे चार पाय सैल झाले की ती एका अंगाला कलते. चौकोनाचा तो स्वभावच आहे. पत्र्याच्या छपराची कैची मात्र कलत नाही, कारण ती त्रिकोणांनी बांधलेली असते. पिंजऱ्याचंही तसंच. चालकाच्या पाठीमागे एक पूर्ण कमान, त्या कमानीत तिरका पाईप, डोक्यावर दोन्ही बाजूंनी पुढे जाणाऱ्या नळ्या, कमानीला मागून किंवा पुढून तिरका टेकू आणि कुशीला आडव्या नळ्या. तिरका पाईप पाहणं अडवतो म्हणून काढून टाकला, तर उरते ती सैल बाज.

कमान एकाच अखंड नळीची असावी आणि बेंडिंग मशीनवर थंडच वाकवावी. भट्टीत लाल करून वाकवली तर बाहेरची बाजू पातळ होते आणि आतली चुरगळते. वाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. वाकलेल्या जागी नळी चपटी दिसली तर ती बाजूला टाकावी.

बसल्यावर हेल्मेट आणि पिंजरा यांत चहूबाजूंनी १५ सेंटिमीटर, तर अंग आणि पिंजरा यांत साडेसात सेंटिमीटर जागा हवी. म्हणून माप घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवून घ्यावं. डोक्याजवळच्या नळ्यांना जाड फोम बांधावा.

सांधा सांगतो कारागिराची किंमत

नळी नळीला भिडते तिथं टोक माशाच्या तोंडासारखं कापून घ्यावं लागतं. फट राहिली की कांडीचा तुकडा घालून वरून टाका मारायचा, ही गेटच्या कामातली सवय इथं जिवावर बेतते. आधी सगळे सांधे नुसते टॅक करावेत, दोन्ही कर्ण मोजून चौकट गुण्यात आहे का पाहावं, मग आलटून पालटून समोरासमोरच्या बाजू भराव्यात. एकाच बाजूनं भरत गेलं तर तापल्यानं पिंजरा पिळतो. वेल्ड पूर्ण गोलाईत हवा. तो ग्राइंडरनं घासून सपाट करू नये. दिसायला छान दिसतं, पण सांधा कमजोर होतो.

पातळ नळीला साध्या कांडीनं भोकं पडतात. तिथं मिग किंवा टिग वेल्डिंगच हवं. जाड नळीला ७०१८ नंबरची कांडी वापरायची तर ती कोरडी आणि तापवलेली असावी.

बाहामध्ये वेल्डिंग करणाऱ्याची परीक्षा घेतात. दोन नळ्या काटकोनात जोडून त्या तुटेपर्यंत ताणायच्या. नळी फाटली तर पास, सांधा सुटला तर नापास. दुसरा सांधा तिरका, ३० अंशांत जोडायचा आणि लांबीनं कापून लोखंड आतपर्यंत वितळलंय का ते पाहायचं. ही परीक्षा कुठल्याही दुकानात दोन तुकडे आणि एक घण घेऊन होते. काम देण्याआधी मालकानं ती मागावी. चांगला कारागीर रागावणार नाही.

पट्टा नाही तर पिंजरा नाही

पिंजरा कितीही पक्का असला तरी चालक बाहेर फेकला गेला तर त्याच पिंजऱ्याखाली चिरडतो. म्हणून खांद्यावरून आणि कमरेवरून येणारा पट्टा हवाच. ट्रॅक्टरलाही हाच नियम. चौकट असेल तर पट्टा बांधावा. चौकट नसेल तर बांधू नये, कारण मग माणूस ट्रॅक्टरलाच जखडला जातो.

स्वीडननं १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट सक्तीची केली. १९५७ मध्ये तिथं ट्रॅक्टर उलटून दर लाख ट्रॅक्टरमागे १७ माणसं मरत. १९९० मध्ये हे प्रमाण ०.३ वर आलं. मात्र ट्रॅक्टरची चौकट गावात वेल्ड करून घेऊ नये. तिचे बोल्ट धुऱ्यावरच्या ठरावीक जागी बसतात आणि ती त्या मॉडेलवर तपासलेली असते. कंपनीकडूनच घ्यावी. बैठकीच्या छताला लावलेली पाईपची सावली म्हणजे चौकट नव्हे.

सरपंच, पोलीस पाटील यांच्यासाठी

घरी बांधलेली बग्गी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, कारण तिची नोंदणी नसते. नोंदणी झालेल्या जीपमध्ये परस्पर बदल करणंही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी स्वतःच्या शेतात किंवा बंदिस्त मैदानातच चालवावी. जत्रेत चिखलातल्या शर्यतीला जागा मागितली, तर पिंजरा, पट्टा, हेल्मेट, आग विझवायचं साधन आणि जवळ उभी रुग्णवाहिका, एवढं पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

पोरांची हौस मोडू नये. हातात कसब येतं, उद्या त्यातूनच एखादा चांगला कारागीर निघतो. पण चाक आणि इंजिन बसवण्याआधी पिंजरा पुरा करा, आणि तो पाहायला चार जाणत्यांना बोलवा. रंग सगळ्यात शेवटी. रंगाखाली सांधा दिसत नाही.