पस्तीस रुपयांचे आजीव सभासद

गेल्या वर्षी आमच्या गावातल्या खगोलप्रेमींच्या संस्थेच्या वार्षिक सभेत हिशेबाचा विषय एका मिनिटात संपला. "अहवालात छापलेत, वाचले असं समजू या," असं अध्यक्ष म्हणाले. सूचक-अनुमोदकांची नावं आली, ठराव मंजूर झाला. मग शनीच्या कड्यांवरचं व्याख्यान सुरू झालं आणि मागच्या खुर्च्याही भरल्या. खजिनदार ताई मात्र समोरचे कागद एकेक करून फाईलला लावत होत्या. त्यांना कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. ते दृश्य माझ्या मनातून जाईना. म्हणून यंदा लेखापरीक्षणाच्या दिवसांत चार दुपारी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

पावसाळ्यात आकाश दिसत नाही, दुर्बिणी खोक्यांत असतात. हिशेबाचं काम तेव्हाच उरकतं. ३१ मार्चला वर्ष संपतं आणि तपासलेले हिशेब सप्टेंबरअखेर तयार लागतात. ताईंनी लोखंडी कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरायचा. व्हाउचरं, पावतीपुस्तकं, इतिवृत्तं आणि त्यांच्या खाली सभासदांचं जाडजूड रजिस्टर.

बँकेतून निवृत्त झालेल्या ताई इथे मानधन घेत नाहीत. एका तरुण कार्यकर्त्याने रिक्षाभाड्याचे १४० रुपये मागितले, पण पावती नव्हती. ताईंनी त्याला व्हाउचरवर तारीख, कुठून कुठे, कशासाठी हे सगळं लिहायला लावलं आणि मगच पैसे दिले. "रात्री किती वाजता कोणता तारा पाहिला ते लिहून ठेवतोस ना? मग हेही लिही," त्या म्हणाल्या. त्याने निमूटपणे लिहिलं.

दुसऱ्या दुपारी त्यांनी ते रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संस्थेने ५०० रुपयांत आजीव सभासद केले. ती रक्कम कायम निधीत गेली, तिची मुदत ठेव झाली. तिला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. तेव्हा बँका अकरा-बारा टक्के व्याज देत होत्या. "आज सात टक्के धरा. एका सभासदामागे वर्षाला किती आले? पस्तीस रुपये. या पस्तीस रुपयांत त्याला बारा महिने वार्तापत्र द्यायचं, छपाई करायची, टपाल भरायचं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण मला मात्र अस्वस्थ वाटलं, कारण त्या रजिस्टरात माझंही नाव होतं.

देणग्या येत नाहीत असं नाही. नव्या दुर्बिणीला देणगीदार मिळतो, कारण तिच्यावर आईवडिलांच्या नावाची पट्टी लावता येते. वीजबिलाला, झाडलोट करणाऱ्या बाईंच्या पगाराला कुणी मिळत नाही. शिवाय प्राप्तिकराची सूट टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च व्हावे लागतात. उरलेल्या १५ टक्क्यांहून जास्त मागे टाकायचं असेल, तर कशासाठी आणि किती वर्षं हे आधी लिहून द्यावं लागतं. रोखीने २००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, हे ताई दरवर्षी नव्याने समजावून सांगतात. त्या बदल्यात त्यांना रुसवे सोसावे लागतात.

पैशांइतकंच किचकट काम कारभाराचं आहे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे बदल अर्ज द्यायचा. तो मंजूर होईपर्यंत नोंदवहीत जुनीच नावं राहतात. बँक ती नोंद मागते आणि तिच्यात दिवंगत विश्वस्त अजून हयात असतात. मग एका साध्या सहीसाठी ताईंचे तीन-तीन फेरे होतात.

सभासदांचंही तसंच. टपालाने गेलेल्या नोटिसा परत येतात, पाकिटावर शेरा असतो: 'पत्त्यावर राहत नाही'. ताईंनी ती पाकिटं जपून ठेवली आहेत. कुणी परगावी गेलं, कुणी वारलं, पण घरच्यांनी कळवल्याशिवाय नाव कमी करता येत नाही. ही सगळी नावं गणपूर्तीत धरली जातात. म्हणून दरवर्षी सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, त्याच माणसांत भरते. नोटिशीतही हे वाक्य आधीच छापलेलं असतं.

विज्ञानसंस्थांना ही ओढाताण नवी नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६८६ मध्ये फ्रान्सिस विलबी यांच्या माशांवरच्या सचित्र ग्रंथावर एवढा पैसा घातला, की पुढच्या वर्षी न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' छापायला तिच्याकडे काही उरलं नाही. तो खर्च एडमंड हॅलीने स्वतः सोसला. सोसायटीने त्याला पगारापोटी त्याच न खपलेल्या मत्स्यग्रंथाच्या प्रती दिल्या. आपल्याकडेही विज्ञानाच्या जुन्या संस्था आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये आठ जणांनी सुरू केली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ ची, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. अशा संस्थांचा इतिहास लिहिताना संशोधकांची नावं येतात. वह्या सांभाळणाऱ्यांची येत नाहीत. माझ्या मते ती यायला हवीत.

शेवटच्या दुपारी ताळेबंद जुळला. ताईंनी कपाट बंद केलं आणि डांबरगोळ्यांचा वास थांबला. मी पिशवीतून चेकबुक काढलं. त्यांनी रक्कम पाहिली, पावती फाडली, पॅन विचारला आणि म्हणाल्या, "पैसे दिलेत ते बरं केलंत. पण सभेला या, आणि हिशेबावर एक तरी प्रश्न विचारा. कुणी वाचतंय हे कळलं, की पुढच्या वर्षी पुन्हा बसायला हुरूप येतो."

आजीव सभासद हा शब्द आपण चुकीचा समजलो. एकदाच पैसे भरून नातं जन्मभराचं होत नसतं. तुम्ही अशा एखाद्या संस्थेचे आजीव सभासद असाल, तर यंदा बदललेला पत्ता कळवा, वर्षाला जमेल ती रक्कम द्या आणि अहवालाची शेवटची पानं वाचा. सभेला तहकुबीनंतर नको, नोटिशीतल्या पहिल्या वेळेला जा. आपल्या नावावर तिथे वर्षाला फक्त पस्तीस रुपये जमा होतात.