ए ६६ : पेनाइन डोंगर ओलांडणाऱ्या रस्त्याचा मागोवा

उत्तर इंग्लंडमध्ये पश्चिम किनाऱ्यावरील वर्किंग्टनपासून पूर्वेकडील टीसाइडपर्यंत जाणाऱ्या ए ६६ या रस्त्याचा पेन्रिथ ते स्कॉच कॉर्नर हा सुमारे ८० किलोमीटरचा टप्पा एम ६ आणि ए १(एम) या दोन द्रुतगती मार्गांना जोडतो आणि स्टेनमोरच्या खिंडीतून पेनाइन डोंगररांग ओलांडतो. ही वाट मुळात रोमनांची आहे. यॉर्क आणि कार्लाइल या लष्करी ठाण्यांमधील दळणवळणासाठी त्यांनी येथे रस्ता बांधला, त्याच्या रक्षणासाठी बोज, ब्रफ आदी ठिकाणी किल्ले उभारले, आणि आजचा रस्ताही अनेक ठिकाणी त्याच रेषेवरून धावतो.

१७४३ मध्ये बोज ते ब्रफ हा भाग टर्नपाइक न्यासाकडे, म्हणजे संसदेच्या कायद्यान्वये पथकर घेऊन रस्ता राखणाऱ्या स्थानिक मंडळाकडे, सोपवण्यात आला. पुढे १८६१ मध्ये स्टेनमोरवरून लोहमार्ग सुरू झाला आणि डरहॅमचा कोक पश्चिमेकडील लोखंडाच्या भट्ट्यांकडे व तिकडचे लोहखनिज पूर्वेकडे जाऊ लागले. परंतु १९६२ मध्ये खिंडीतला तो मार्ग बंद झाल्यावर डोंगर ओलांडणाऱ्या अवजड मालासाठी येथे रस्त्यावाचून पर्याय उरला नाही. आज या टप्प्यावरील वाहनांपैकी सुमारे एक चतुर्थांश मालवाहू ट्रक असतात आणि हे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे.

वाढत्या वाहतुकीला उत्तर म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गावांना वळसा घालणारे बाह्यवळण मार्ग आणि दुभाजक असलेले चौपदरी तुकडे बांधण्यात आले. टेंपल सॉवरबीचे बाह्यवळण २००७ मध्ये खुले झाले. त्या त्या गावाला यामुळे दिलासा मिळाला, हे खरे. तथापि संपूर्ण रस्त्याचा एकत्रित विचार न झाल्याने सहा ठिकाणी मिळून सुमारे २९ किलोमीटर रस्ता दुपदरीच राहिला. चौपदरी भागावर वेग धरलेला चालक अचानक समोरासमोरच्या वाहतुकीत येतो, चौपदरी भाग संपण्यापूर्वी ट्रकला मागे टाकण्याची घाई करतो, आणि दुपदरी भागात शेतांच्या व वाड्यांच्या वाटांवरून उजवीकडे वळणारी वाहने मुख्य प्रवाह छेदतात. त्यात खिंडीतले बर्फ व वादळी वारे यांची भर पडते, आणि अपघाताने वा हवामानाने रस्ता बंद झाला की जवळचा सोयीचा पर्याय नसल्याने जड वाहतूक लांबच्या, अरुंद वाटांवर वळते.

उरलेले सर्व दुपदरी भाग चौपदरी करण्याच्या योजनेला मार्च २०२४ मध्ये नियोजनाची संमती आणि जुलै २०२५ मध्ये सरकारकडून निधीची हमी मिळाली. या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे: चालकाची सावधगिरी आवश्यक असली, तरी पुढच्या वळणानंतर रस्ता कसा असेल हे त्याला ओळखता येईल अशी एकसारखी रचना देणे ही रस्ता बांधणाऱ्यांची जबाबदारी आहे, आणि तुकड्यातुकड्यांनी केलेली सुधारणा ती पूर्ण करू शकत नाही.