‘लई इचार करू नको’ म्हणून भागत नाही

बीड जिल्ह्यातल्या गावात एखादा माणूस गप्प गप्प राहू लागला, की पारावर त्याला हमखास सल्ला मिळतो, “लई इचार करू नको.” सांगणाऱ्याची माया खरी असते, उपाय मात्र चुकीचा. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं बजावलं, तर तेच अस्वल त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं. विचार दाबून जात नाही.

‘मन खंबीर असलं की परिस्थिती काही बिघडवत नाही’ हा समज तर मला फार अन्यायाचा वाटतो. इथे कापूस-सोयाबीन पावसाच्या भरवशावर. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन जोडपी ऊसतोडीचा कोयता उचलतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. अशी ओढाताण विचारशक्तीच खाते. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तोडणीआधी, हातात पैसा नसताना, हे शेतकरी बुद्धीच्या चाचण्यांत कमी पडले. ऊस गेल्यावर त्याच शेतकऱ्यांनी त्या अधिक चांगल्या सोडवल्या. म्हणून पीकविमा वेळेवर मिळणं हेही मनाच्या आरोग्याचंच काम आहे.

मग विचारांच्या सवयींना काहीच अर्थ नाही का? आहे, आणि मोठा आहे. ‘यंदाचं सोयाबीन पाण्यात गेलं’ ही घडलेली गोष्ट. ‘मी घराला ओझं झालो’ हा मनाने त्यावर काढलेला निष्कर्ष. नैराश्यात दोन्ही सारखंच खरं वाटतं. मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात रुग्णांचे असे आपोआप उमटणारे निष्कर्ष टिपले आणि ते तपासून पाहायला शिकवणारी उपचारपद्धती उभी केली. ती शिकता येते, त्यामुळे ‘स्वभावाला औषध नाही’ हे इथे लागू पडत नाही. तीव्र नैराश्यात गोळ्याही लागतात. त्यांची दारूसारखी चटक लागत नाही. फक्त त्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

‘आत्महत्येबद्दल विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरतो’ ही भीतीही निराधार आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, असं आपुलकीने थेट विचारल्याने धोका वाढत नाही. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. पोलीस केसच्या धास्तीनेही कुणी गप्प बसू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं आहे, आणि सरकारी उपचार हा तिचा हक्क आहे.

बीडचं जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय इथे जाता येतं. तेवढं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत फोन क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. घरातलं माणूस गप्प झालं असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि गरज वाटली तर फोन तुम्ही लावून द्या.