मानेभोवती कापड पडण्याआधी

सलूनच्या खुर्चीत बसलं की मिनिटभरात तीन गोष्टी होतात. पाय खालच्या पट्टीवर टेकतात, मानेभोवती काळं कापड पडतं आणि मागून प्रश्न येतो, "मशीन की कात्री?" ज्याच्या डोक्यात खपल्या आहेत, त्याने जे काही सांगायचं ते कापड पडण्याआधी सांगून टाकावं. एकदा कापड पडलं की हात आत अडकतात, समोर भलामोठा आरसा असतो, बाकावर पेपर चाळणारे तीन-चार जण असतात आणि तोंडातून शब्द फुटत नाही. मला कानांच्या मागे आणि मानेच्या वर, केस संपतात तिथे, अठरा वर्षांपासून सोरायसिस आहे. त्यातली पहिली सहा वर्षं मी गप्प बसूनच काढली.

सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे आधी आपल्याला ठाऊक हवं. आपल्याकडे डोक्यातून जे पडतं त्या सगळ्याला एकच नाव असतं, कोंडा. खरं तर त्यात निदान तीन वेगळे प्रकार आहेत आणि खुर्चीत बसल्यावर तिन्हींचे नियम वेगळे.

पहिला खरा कोंडा. मॅलॅसेझिया नावाची एक सूक्ष्म बुरशी जवळपास प्रत्येकाच्या डोक्यावर राहते. फ्रान्सच्या लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. तिला स्वतःची चरबी बनवता येत नाही. आपल्या त्वचेतून पाझरणाऱ्या तेलकट द्रावावर ती जगते. तिच्या जेवणातून जे उरतं ते काहींच्या त्वचेला सोसत नाही, तिथली त्वचा चिडते आणि पापुद्रे सुटतात. हेच प्रकरण वाढलं, भुवया आणि नाकाच्या कडेलाही पिवळसर, चिकट पापुद्रे दिसू लागले की डॉक्टर त्याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात. आता आजी, मावशी आणि न्हावी हे तिघं एकमुखाने काय सांगतात? "डोकं कोरडं पडलंय, भरपूर तेल लाव." तेलावर जगणाऱ्या बुरशीला रात्रभर तेलात ठेवायचं, म्हणजे तिची पंगत मांडायची.

दुसरा सोरायसिस. इथे बाहेरचं कुणी नसतं. शरीराची संरक्षण यंत्रणाच बिघडते आणि त्वचेला उगाच घाई करायला लावते. एरवी त्वचेची पेशी तळातून निघून वर येऊन गळायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये तोच प्रवास आठवड्याच्या आत उरकतो. जुन्या पेशी गळायला फुरसत नाही तोवर नव्या येऊन धडकतात आणि थरावर थर चढतो. या खपल्या जाड आणि चंदेरी असतात, त्यांची कड स्पष्ट असते आणि पुष्कळदा त्या केसांची सीमा ओलांडून कपाळावर किंवा मानेवर बोटभर उतरतात. इथे मात्र तेलाचा उपयोग आहे. नहायच्या आधी दोनेक तास कोमट खोबरेल लावलं की खपली मऊ पडते. तेल तेच, डोकंही दिसायला तसंच, पण एकीकडे नको आणि दुसरीकडे चालेल.

हे दोन्ही कुणाला लागत नाहीत. फणीतून नाही, टॉवेलातून नाही, न्हाव्याच्या हातातूनही नाही.

तिसरा प्रकार मात्र लागतो. लहान मुलांच्या डोक्यात होणारे खवडे हा बुरशीचा खरा संसर्ग आहे, गजकर्णाचा चुलतभाऊ. गोल चट्टा, त्यातले केस मुळाशी तुटलेले, कधी नुसते काळे ठिपके उरलेले. इथे बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, त्यामुळे वरून मलम चोळून भागत नाही; पोटातून काही आठवडे औषध घ्यावं लागतं. फणी आणि मशीन यांच्यामार्फत ती पुढच्या डोक्यावर जाऊ शकते. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत अशा मुलाला सलूनमध्ये नेऊ नये. आपल्या डोक्यात यातलं काय आहे याची खात्री नसेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञ, मग न्हावी.

आता खपली खरवडण्याबद्दल. ती न खरवडण्यावर माझा एवढा जोर का, ते सांगतो. एकदा परगावी लग्नाला गेलो होतो. स्टेशनजवळच्या एका सलूनमध्ये बसलो. कारागीर भला माणूस होता. मागची खपली पाहून म्हणाला, "साहेब, एकदम साफ करून देतो," आणि त्याने बारीक दाताची फणी घेऊन ती सोलून काढली. हेतू चांगला होता, पण टॉवेलावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उमटले आणि त्या माणसाचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडला. सोरायसिसच्या खपलीखालची त्वचा पातळ झालेली असते आणि बारीक रक्तवाहिन्या फुगून अगदी वर आलेल्या असतात. खपली उचकटली की त्यांचं तोंड उघडतं. त्वचारोगतज्ज्ञ याला ऑस्पिट्झचं लक्षण म्हणतात.

ठिपके दुसऱ्या दिवशी सुकले. खरी किंमत दोन आठवड्यांनी मोजली. फणी जिथून ओढली गेली होती तिथे, पूर्वी जी जागा स्वच्छ होती तिथेही, सोरायसिसची एक सरळ पट्टी उगवली. ब्रेस्लाऊ शहरातले त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिश क्योबनर यांनी १८७० च्या दशकात हेच नोंदवलं होतं. त्यांच्या एका रुग्णाच्या अंगावर जिथे जिथे इजा झाली तिथे तिथे सोरायसिस उठला. घोडा चावला तिथे, गोंदलं तिथेसुद्धा. अशी नवी जागा साधारण १० ते २० दिवसांनी दिसते. तोवर आपण कटिंग विसरलेले असतो आणि दोष जातो हवेला, नाहीतर आंब्याच्या लोणच्याला.

हा एक नियम समजला की खुर्चीतल्या प्रत्येक पायरीचा निर्णय आपोआप होतो. वस्तरा, बारीक फणी, नखं, कडक ब्रश, कातडीला टेकून फिरणारी मशीन, यातल्या कशानेही त्वचेला ओरखडा पडता कामा नये.

तयारी दोन दिवस आधी सुरू होते. खपली जाड असेल तर डॉक्टरांनी दिलेलं सॅलिसिलिक ॲसिडचं मलम किंवा साधं खोबरेल लावून आदल्या रात्री किंवा सकाळी सौम्य शाम्पूने डोकं धुवावं. सुटणारं आपोआप सुटतं. न सुटणारं तसंच राहू द्यावं. कोंडा किंवा सेबोरिक असेल तर किटोकोनाझोलचा औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा चालू असतोच, त्यातली एक पाळी कटिंगच्या आदल्या दिवशी आणावी. हा शाम्पू लावून लगेच धुतला तर पैसे मोरीत जातात. तीन ते पाच मिनिटं फेस डोक्यावर राहू द्यावा. डांबराचा शाम्पू वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पांढऱ्या केसांवर त्याची पिवळट झाक येते. माझी आली होती. घरच्यांनी आठवडाभर चेष्टा केली.

वेळ निवडण्यातही शहाणपण आहे. रविवारी सकाळी आणि श्रावण लागायच्या आदल्या दिवशी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. कामाच्या दिवशी दुपारी दोन-अडीचला जावं. कारागीर निवांत असतो आणि ऐकायला बाकावर कुणी नसतं. जाताना घरून पांढरा किंवा फिका पंचा न्यावा. काळ्या कापडावर पडलेले पापुद्रे आरशात चांदण्यासारखे चमकतात, पंच्यावर ते दिसतही नाहीत. औषधापेक्षा या पंच्याने मला जास्त धीर दिला आहे, असं म्हटलं तर डॉक्टर रागावतील, पण खरं आहे.

आणि मग ते वाक्य. मी असं बोलतो: "दादा, माझ्या डोक्यात सोरायसिस आहे. कुणाला लागत नाही. फक्त खरवडायचं नाही आणि मागे ब्लेड नको." बस. "संसर्गजन्य नाही" असं पुस्तकी बोललं की तो अडखळतो; "लागत नाही" म्हटलं की कळतं. माफी मागितल्यासारखं बोलू नये, व्याख्यानही देऊ नये. त्याच्या मनात भीती असते आणि ती समजून घेण्यासारखी आहे, कारण माझ्यानंतर त्याच फणीखाली दुसरं गिऱ्हाईक बसणार असतं आणि त्याचं पोट त्या गिऱ्हाइकावर चालतं. शतकानुशतकं सोरायसिसला महारोगात गणलं गेलं. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये या दोन रोगांची नीट फारकत केली, पण लोकांच्या मनातली भीती तेवढ्याने जात नाही. डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घेऊन पाकिटात ठेवावी. कुणी का-कू केली तर काढून दाखवता येते. तरीही एखादा नाही म्हणाला तर वाद न घालता उठावं. घाबरलेल्या हातात कात्री देण्यात अर्थ नाही.

एकदा त्याने मान डोलावली की बाकीचं सोपं आहे. कात्री आणि रुंद दाताचा कंगवा सगळ्यात सुरक्षित. मशीन हवीच असेल तर "झीरो" नको. दोन नंबरची कॅप लावली की केस साधारण ६ मिलिमीटर उरतात आणि पातं कातडीपासून दूर राहतं. केस आखूड ठेवावेत की लांब, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न. आखूड केसांत औषध मुळापर्यंत पोचतं पण चट्टे उघडे पडतात. लांब केसांत उलट. मी मधला रस्ता काढला आहे, वर लांब आणि मागे दोन नंबर.

मानेवरची रेघ काढायला तो सवयीने ब्लेड उचलतोच. "ट्रिमरनेच करा" हे त्या क्षणी पुन्हा एकदा सांगावं लागतं. कल्ल्यांचंही तेच. शेवटी तुरटी किंवा स्पिरिट नको म्हणावं, आणि पावडरच्या त्या सार्वजनिक ब्रशाऐवजी पंच्याने मान झटकून घ्यावी. चंपीबद्दल मात्र वाईट वाटतं. नखं न लावता, बोटांच्या पेरांनी हलकेच दाबलं तर चालतं, पण तिला चंपी म्हणत नाहीत. मी ती सोडली.

बायकांच्या पार्लरमध्ये प्रश्न थोडा वेगळा असतो, कारण तिथे कात्रीपेक्षा रसायनं जास्त. माझ्या भाचीला सेबोरिकचा त्रास आहे. प्रत्येक वेळी तिला "डँड्रफ ट्रीटमेंट" घेण्याचा आग्रह होतो. त्यात वाफ देतात, चोळतात, काहीतरी थंडगार लावतात. चार दिवस डोकं छान वाटतं, बुरशी मात्र तिथेच असते. ते पैसे औषधी शाम्पूसाठी ठेवावेत. डोकं धुताना पाणी कोमट हवं, ड्रायर लांबून आणि कमी तापमानावर. केस रंगवायचे असतील तर डोक्यात लाली, भेगा किंवा जखम नसतानाच. बहुतेक काळ्या रंगांत पीपीडी नावाचा घटक असतो आणि त्याची ॲलर्जी जोरदार येऊ शकते. "काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या पुड्यांमध्येही बहुतेकदा तोच असतो, नावावर जाऊ नये. रंगाचा थेंब कानामागे किंवा कोपराच्या आत लावून ४८ तास थांबावं, काही उठलं नाही तरच पुढे. केस सरळ करण्याचे जे प्रकार आहेत त्यांतल्या काहींत फॉर्मल्डिहाइड सुटतं. चिडलेल्या त्वचेवर ते सरळ टाळावं, यात मला तडजोड दिसत नाही.

एक प्रसंग असा असतो जिथे वस्तऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं. मुंज, तिरुपती, घरातला दहावा. माझ्यावर वडिलांच्या वेळी तो आला. गुरुजींना बाजूला नेऊन सांगितलं. ते म्हणाले, मशीनने बारीक करा, चालेल. सगळेच गुरुजी तसं म्हणतील असं नाही, पण आधी विचारलं तर वाट निघते. वस्तराच फिरवायचा ठरला तर कोरं ब्लेड, भरपूर पाणी, केसांच्या दिशेने हात आणि खपल्यांच्या जागा सोडून.

कटिंग झालं की तो मागे छोटा आरसा धरतो. आपण न बघताच "ठीक आहे" म्हणतो, कारण कधी एकदा उठतो असं झालेलं असतं. पण आपल्या डोक्याची मागची बाजू आपल्याला कधी दिसत नाही. महिन्यातून एकदा ती नीट पाहणारा माणूस हाच. गेल्या पावसाळ्यात "काका, उजव्या कानामागे नवीन दिसतंय" हे मला माझ्या न्हाव्याने सांगितलं, डॉक्टरांची तारीख त्यानंतर महिन्याने होती. पुढच्या वेळी तो आरसा धरेल तेव्हा खिशातला फोन काढून त्याच्या हाती द्या, मागून एक फोटो काढायला सांगा आणि डॉक्टरांकडे जाताना तो दाखवा.