उन्हाचा जमाखर्च

चिलीच्या अटाकामा वाळवंटातील लास सालिनास येथे, सोऱ्याच्या खाणीवरील खेचरांची तहान भागविण्यासाठी, चार्ल्स विल्सन यांनी 1872 साली काचेच्या उतरत्या छपरांखाली खारे पाणी उन्हाने तापवून दररोज 20 हजार लिटरांहून अधिक गोडे पाणी मिळविण्याची व्यवस्था उभारली.

अशा यंत्राचे गणित खतावणीप्रमाणे मांडतात: चौरस मीटरमागे दिवसाकाठी 20 मेगाज्यूल ऊन जमा झाले आणि लिटरभर पाण्याची वाफ होण्यास सुमारे 2.4 मेगाज्यूल खर्ची पडले, तर आठ लिटरांची अपेक्षा रास्त ठरते. परंतु काचेतून, तळातून व वाऱ्यावाटे निम्म्याहून अधिक उष्णता वाया जात असल्यामुळे पदरात पडतात ते तीन-चार लिटरच. वाफेचे पाणी होताना मुक्त होणारी सुप्त उष्णता पुन्हा कामी लावणे, हाच ही तूट भरून काढण्याचा खरा उपाय होय.